गुढियारीत खवळलेला समुद्र

विशाखापट्टणमचा समुद्र आज कसा आहे, हे रायपूरच्या गुढियारीतल्या बायकांना मंदाकिनी बोरकरच्या केसांवरून कळायचं. थट्टा नाही करत. ती न्हाऊन, केस मोकळे सोडून गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसली की समोरची मीरा ओरडून म्हणायची, "आज समंदर ठीक है लगता है, दीदी!" आणि चार-चार दिवस तेलकट वेणी, अंगणात कचरा तसाच, दाराची कडी आतून, असं असलं की समजायचं, तिकडे लाटा उठल्यात. आता रायपूरहून तो समुद्र रात्रभराच्या गाडीवर. मालधक्क्याचा धुरळा आणि तांदळाच्या पोत्यांचे ट्रक यांच्या मधोमध राहणाऱ्या बाईला समुद्राचं काय घेणं, असं कोणीही विचारेल. घेणं होतं. बाईचा नवरा तिकडे टगवर होता.

टग म्हणजे ठेंगणी, दणकट बोट; मोठाल्या जहाजांना ओढत बंदरात आणते. शेखर तिच्यावर इंजिनाकडे कामाला होता. वडील अनंतराव रेल्वेच्या माल-ऑफिसात बाबू, वर्ध्याकडून बदली होऊन आले ते इथेच राहिले आणि इथेच वारले. घराण्यात कोणी पोहायलाही शिकलेलं नव्हतं. त्यामुळे शेखर 'जहाजावर' लागला तेव्हा अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्याचं नाव झालं. जहाज आणि टग यातला फरक कोणी विचारला नाही आणि त्यानेही सांगितला नाही.

आता ते केसांचं. आपल्याकडे रीत आहेच की, घरातलं माणूस प्रवासाला निघालं की मागून लगेच केर काढायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. माणूस ठिकाणावर पोचू द्यायचं, मग काय ते करायचं. शेखर पहिल्यांदा निघाला त्या दिवशी त्याच्या आईने, सत्यभामाबाईंनी, गाडी सुटायच्या आतच डोकं धुतलं होतं. दुसऱ्या दिवशी घरी पूजा होती, एवढंच कारण. आणि त्याच हप्त्यात ओडिशाकडे ते मोठं चक्रीवादळ आलं. पोराचा दोन दिवस पत्ता नाही. बाई देवापुढे बसून राहिल्या, पाण्याचा घोट घेतला नाही. पोरगा सुखरूप निघाला, पण बाईंनी कानाला खडा लावला. पुढे रीत वाढतच गेली. रेल्वेतला माणूस स्टेशनावर उतरला की पोचला. टगवरचा माणूस पोचतो कधी? तो तर रोजच निघालेला. मग बाईंनी आपल्यापुरता हिशोब लावला की समुद्र शांत असला तर पोरगा पोचल्यासारखा, आणि खवळला असला तर वाटेत. वाटेत असला की केर नाही, न्हाणं नाही, आणि घरातल्या बायकांनी उंबरा ओलांडायचा नाही.

स्वतःही पाळायच्या, हे कबूल केलं पाहिजे. सुनेला बांधून आपण गावभर हिंडणाऱ्या सासवा असतात, ह्या तशा नव्हत्या. सख्ख्या बहिणीच्या साठीला नागपूरला गेल्या नाहीत. चातुर्मासात महामायेच्या देवळात जायचा तीस वर्षांचा नेम मोडला. तेव्हा भांडायचं तरी कोणाशी?

आणि समुद्र शांत की खवळलेला हे गुढियारीत बसून कळायचं कसं? इथेच तर गंमत आहे. ते मंदाकिनीनेच शोधून काढलं. लग्न झालं त्याच वर्षी नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं. नवी नवरी, नवरा महिन्यातच परत गेलेला, जीव टांगणीला. शेखरचा जुना रेडिओ होता. तिने त्याला तांब्याची तार जोडली, तार गच्चीवर नेऊन कपड्यांच्या दोरीला बांधली आणि संध्याकाळी काटा फिरवत बसली. खरखर, खरखर, आणि एके दिवशी तिकडचं स्टेशन लागलं. आधी तेलुगूत, मग इंग्रजीत सागरी हवामान: वारा कुठून, वेग किती, लाटा किती उंच, बंदरावर कोणता बावटा. तिला केवढा आनंद झाला! सासूला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तिने हौसेने एकेक शब्द मराठीत करून सांगितला. "समुद्र खवळलेला राहील. तीन नंबरचा बावटा लावलाय. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये."

सत्यभामाबाई म्हणाल्या, "मच्छीमारायनं जाऊ नये, तं मंग आपण तरी काहून जाचं?" आणि उठून दाराला कडी घातली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या संध्याकाळी मंदाकिनी हसली होती. सासूबाई भोळ्या आहेत, असं म्हणाली होती. बंगालच्या उपसागरात पावसाळ्याचे चार महिने समुद्र खवळलेलाच असतो, आणि पावसाळा सरला की वादळं सुरू होतात, हे तिला पुढच्या वर्षी कळलं. तोवर घरात रोज संध्याकाळी "सांग वं मंदे, काय म्हणते समुद्र?" हा प्रश्न देवाच्या दिव्याइतका पक्का झाला होता.

हिवाळ्यात सुटका. त्या महिन्यांत ती सगळं आटपून घ्यायची. पंडरीच्या कापडबाजारात जाऊन वर्षभराचे कपडे, माहेरी अमरावतीला एक फेरी, दात काढायचा तोही तेव्हाच. बहिणीचं लग्न मात्र जून महिन्यात निघालं. बॅग भरून ठेवलेली. तिकीट काढलेलं. संध्याकाळी कमी दाबाचा पट्टा. सासू म्हणाल्या, "मी नाही म्हणत नाही वं बाई. तुया मनाले विचार." मनाला विचारल्यावर मन काय सांगणार? समजा गेली आणि तिकडे काही झालं, तर जन्मभर कोणाच्या माथी? तिने बॅग रिकामी केली आणि मोरीत नळ सोडून रडली. तिला देवाधर्माचं फार काही नव्हतं. केस न धुतल्याने लाटा बसत नाहीत, हे तिला बी.ए.च्या आधीपासून ठाऊक होतं. पण भीतीला पदवी कुठं लागते? आज मोडलं आणि आजच झालं तर, ही एकच खुंटी तिच्या मनात ठोकलेली, आणि ती काही केल्या निघेना.

शेखरला तिने किती वेळा म्हटलं, "मला घेऊन चला ना तिकडे." तो म्हणायचा, "अगं, टगवाले टगवरच झोपतात. क्वार्टर-बिर्टर काही नाही. तुले कुठं ठेवू, इंजिनावर?" तो वर्षातून दोनदा यायचा. ओट्यावर खुर्ची टाकून बसायचा आणि पाऱ्यातले लोक जमले की घराएवढ्या लाटेची गोष्ट सांगायचा. मंदाकिनी चहा आणता आणता ऐकायची आणि तिचा ऊर भरून यायचा.

मग राज्याची भरती निघाली. नवं राज्य, नवी खाती, खुर्च्या रिकाम्या आणि बसायला माणसं नाहीत. मंदाकिनीला हिंदी टायपिंग येत होतं. परीक्षा जानेवारीत होती, समुद्र शांत होता, म्हणून देता आली. नेमणूक आली ऑक्टोबरात: सहायक ग्रेड तीन, मंत्रालय. मंत्रालय तेव्हा जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत भरायचं. अमुक तारखेपर्यंत हजर व्हा, नाही तर नेमणूक रद्द.

सत्यभामाबाईंना खरोखर आनंद झाला. मीराला हाक मारून पेढा दिला. "माई सून सरकारात लागली. फक्त समुद्र बसू दे."

समुद्र काही बसेना. रोज संध्याकाळी मंदाकिनी रेडिओला कान लावून बसायची. खवळलेला. आणखी खवळलेला. मच्छीमारांनी जाऊ नये. ती इमानाने तसंच सांगायची आणि सासू इमानाने कडी घालायच्या. तीनशे उमेदवारांत आपला नंबर लागला, आपण खाली उतरून ऑटोत बसायचं तेवढं राहिलंय, आणि आपण इथे लाटा मोजतोय! एकदा तिला वाटलं, सरळ चप्पल घालून निघावं. चप्पल घातलीही. सत्यभामाबाई दारात आल्या नाहीत, अडवलं नाही. देवापुढे हात जोडून नुसत्या थरथरत होत्या. तिने चप्पल काढून ठेवली. अडवलं असतं तर गेली असती.

शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी रेडिओ म्हणाला की वाऱ्याने आता चक्रीवादळाचं रूप घेतलंय. तीन नंबर उतरवून मोठ्या धोक्याचा बावटा चढवलाय. मंदाकिनीने रेडिओ बंद केला. सासूने विचारलं, "काय म्हणते?"

"शांत आहे," मंदाकिनी म्हणाली. "वारा मंद. बावटा उतरवला."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलली. आणि म्हातारीने काय करावं? दोन्ही हात तिच्या गालांवरून फिरवून कडाकडा बोटं मोडली, म्हणाली, "पाह्य, देवानं आयकलं की नाही! उद्या डोक्यावरून न्हाय. मी बी न्हातो." मंदाकिनीला त्या क्षणी जमीन दुभंगली तर बरं, असं झालं.

सकाळी सासू ओल्या केसांनी दारात उभ्या राहिल्या, सुनेच्या हातावर दही-साखर ठेवली. "सांभाळून जाजो." आणि कधी नव्हे ते झाडू घेऊन अंगणाला भिडल्या, गाणं गुणगुणत. ऑटो वळेपर्यंत मंदाकिनीला खराट्याचा आवाज येत होता. आवाज कसला, तिचं काळीज खरडलं जात होतं.

मंत्रालयात कोणी तिला काही विचारलं नाही. कागद पाहिले, सही घेतली, जिन्याखालच्या खोलीत एक टेबल दाखवलं. खोलीला अजून औषधांचा वास होता. इतकी साधी गोष्ट! ह्यासाठी तिने रात्री काढल्या होत्या. ती टेबलाशी बसली आणि आनंद व्हायची वाट पाहू लागली. दुपारी कँटीनमध्ये टीव्ही चालू होता, त्यात झाडं आडवी होत होती. आंध्रच्या किनाऱ्यावर 'समुद्री तूफान'. तिच्या हातातला समोसा तसाच राहिला. मी मारलं त्याला, असं तिच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं.

समोर एसटीडी बूथ होता. कंपनीचा नंबर घरी कॅलेंडरच्या मागे भिंतीवर लिहिलेला; अडीअडचणीलाच लावायचा, अशी शेखरची ताकीद होती. फोन नेहमी तोच करायचा, रविवारी. पण रोज पाहून पाहून नंबर तिला पाठ होता. तिने लावला. दोनदा चुकीचा फिरवला, तेव्हा बूथवाल्याने काच उघडून विचारलं, "दीदी, सब ठीक?"

"टगवाले शेखर बोरकर," ती फोनमध्ये म्हणाली. "उनका टग... टग वापस आया क्या?"

"टग?" पलीकडचा माणूस म्हणाला. "सब टग तो कल से बंधे हैं. बोरकर तो स्टोर में है, लाइन देता हूँ."

आणि शेखर आला. "हॅलो?" मागे पंखा फिरत होता, कोणी तरी हसत होतं.

मंदाकिनी आधी रडली. जिवंत आहे, ह्याचंच रडू. मग थांबली. "स्टोरमध्ये काय करून राहिले?"

त्याने उठून दार लावल्याचा आवाज आला. मग बोलायला लागला तो थांबेना. एकदा बाहेर लाटेत सापडलो, मंदा, आणि माझं अवसानच गेलं. उलट्या थांबेनात. इंजिनाला मिठी मारून बसलो होतो. बाकीचे पाहत होते. किनाऱ्यावर आलो तो परत चढलो नाही. साहेब चांगला, त्याने स्टोरात घेतलं, नट-बोल्ट, दोरखंड देतो. दोन वर्षं होऊन गेली.

"दोन वर्षं?"

"पाऱ्यात काय तोंड दाखवतो? सगळे जहाजवाला म्हणतात."

"लोकांचं सोडा. मला का नाही सांगितलं? तुम्हाला माहीत नव्हतं का, मी घरात कशी..."

"माहीत होतं ना," शेखर म्हणाला. अगदी साधेपणाने म्हणाला. "आईले बरं वाटत होतं. आणि खरं सांगू? तू घरातच आहेस म्हणून मी निश्चिंत होतो यार. आईजवळ कोणी पाहिजे ना."

"राहता कुठे?"

"खोली आहे एक. गेटजवळच."

"खोली आहे," मंदाकिनी म्हणाली, आणि फोन ठेवला. बूथवाल्याने पावती दिली ती घ्यायचंही तिला सुचलं नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा दार सताड उघडं होतं. मीराने टीव्ही पाहून सांगितलं होतं. सत्यभामाबाई जमिनीवर बसल्या होत्या, केस मोकळे, सकाळी धुतलेले. डोळे कोरडे.

"माया हातून धुववले तू," त्या म्हणाल्या. "माया हातून घर झाडवलं. नोकरीसाठी. माया पोट्ट्याच्या जिवावर उठली वं तू."

मंदाकिनीने वाटेत पक्कं ठरवलं होतं की सांगायचं नाही. म्हातारं माणूस, तुटेल. पण ते शब्द कानावर पडले आणि दोन वर्षं उसळून वर आली. "कोणाच्या जिवावर, आई? तुमचा पोरगा स्टोरात आहे! पंख्याखाली! दोन वर्षं तो समुद्रावर गेलाच नाही!"

"खोटं. कालही खोटं बोलली, आजही खोटं."

काल खोटं बोललेल्या माणसाने आज खरं कसं पटवावं? मंदाकिनीने नंबर फिरवला, स्टोर मागितला आणि रिसीव्हर सासूच्या कानाला लावला. ती स्वतः इतक्या जवळ उभी होती की तिला सगळं ऐकू येत होतं.

"शेखर बाबू तो चाय पीने गए हैं," कोणी तरी म्हणालं. "आप कौन? माताजी? नमस्ते माताजी!"

"बेटा," सत्यभामाबाई आपल्या हिंदीत म्हणाल्या, "वो समुंदर पे कब जाता है?"

माणूस मोकळेपणाने हसला. वाईट नव्हता बिचारा. "शेखर बाबू और समुंदर? माताजी, उनको तो जेटी पर खड़े-खड़े चक्कर आता है. आप बिलकुल फिकर मत करो, हम लोग यहीं हैं, सूखे में."

बाईंनी "हव बेटा" म्हटलं आणि रिसीव्हर ठेवला. नीट ठेवला, आवाज न करता. मंदाकिनी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. तिला वाटलं, आता रडतील, किंवा तिलाच मारतील. बाहेर मालगाडी जोडत होते, डब्यांवर डबे आपटत होते.

"बहिणीकडे नाही गेली मी," त्या म्हणाल्या. "तुले तुया बहिणीच्या लग्नाले नाही जाऊ देलं. मंग मी इतके दिवस कोणाले वाचवून राहिली होती वं, मंदे?"

मंदाकिनीला इतकी वर्षं जी बाई दाराची कडी वाटत होती, ती आपल्यासारखीच आत कोंडलेली होती, आणि कोंडणारा गेटजवळच्या खोलीत सुखाने चहा पीत होता. तिने सासूचा हात धरला. तो गार पडला होता. त्या रात्री दोघी जेवल्या नाहीत.

सकाळी मंदाकिनी डबा भरून तयार झाली, पण पाय निघेना. रागाच्या भरात आपण काल काय केलं, हे तिला आता कळत होतं. सत्यभामाबाई ओट्यावर बसल्या होत्या, चेहरा एका रात्रीत उतरलेला. ती चप्पल हातात घेऊन उभी राहिली. "आई, आज मी थांबू का?"

बाई काही बोलायच्या आतच आत फोन वाजला. त्या उठून गेल्या. शेखरचा आवाज इतका मोठा होता की दारापर्यंत येत होता. आईला सगळं कळलंय, हे त्याला अजून ठाऊक नव्हतं.

"आई, मंदा कुठं आहे? तिले दे."

"हापिसात चालली."

"आज? अगं आई, घराबाहेर कशी जाऊ देली तिले? इकडे समुद्र किती खवळलाय! लाटा पाह्यजो तू!"

मंदाकिनी दारातच थांबली. सत्यभामाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि दाराबाहेर हात केला, जा म्हणून.

"खवळू दे," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "तू आपला स्टोरात बस. बाहेर नको निघू, बापू, भिजशील."